पक्ष सोडा, तुमच्या दारात काय झालं ते सांगा : सोलापूरकरांचे अनुभव

मंडळी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०२६ ला, आपण महापालिकेसाठी मतदान केलं. तोंडात तीळगूळ, बोटाला शाई. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षं गल्लीतला दिवा गेला तर कुणाचं दार वाजवायचं हेच या शहराला ठाऊक नव्हतं. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा हा घोळ, असं करत करत मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान पिळले तेव्हा कुठे गाडं हललं. मधल्या काळात राज्यातले दोन मोठे पक्ष उभे फुटले. २०१९ ला टाकलेलं मत शेवटी कुणाच्या पदरात पडलं, याचा हिशेब लावणं आमच्या घरात तरी सोडून दिलंय.

इथे पक्षाचं नाव घेऊन भांडायचं नाही, त्याला चहाच्या टपऱ्या आहेत. निर्णय वर झाला, तो तुमच्या उंबऱ्यापर्यंत येताना त्याचं काय झालं तेवढं लिहा. साहेबांची आणि ऑफिसांची नावं नकोत. काही चांगलं झालं असेल तर तेही बिनधास्त लिहा, कुणी भक्त म्हणणार नाही. (म्हणतील. दुर्लक्ष करा.)

सुरुवात मीच करतो. जुळे सोलापूर, विषय अर्थातच पाणी. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांची यादी आली, त्यात महाराष्ट्रातली दोनच नावं होती, पुणे आणि आपण. कॉलनीत पेढे वाटले होते. आज दहा वर्षांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, "पाणी कधी?" येतं ते चार-पाच दिवसांतून एकदा, आणि बहुतेक वेळा रात्री. चावीवाल्याची सायकल कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आमची सौ. झोपेत ओळखते. तोवर शेजाऱ्यांच्या टिल्लू मोटारी घरघरायला लागलेल्या असतात, आमच्या हौदात करंगळीएवढी धार.

आमचं पाणी येतं त्या उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खूप खाली, गेलं तेव्हा मुकाट सोसलं. पुढे पावसाळ्यात धरण भरलं, आमची पाळी तीच राहिली. मग धरणात पाणी असण्या-नसण्याचा आणि माझ्या नळाचा संबंध तरी काय? वर्षानुवर्षं उत्तर एकच, समांतर जलवाहिनी होऊ द्या. उजनीपासून ११० किलोमीटरची ती वाहिनी. आता सांगतात, वाहिनीने भागणार नाही, शहरातल्या टाक्या आणि आतले जुने पाइपसुद्धा बदलायला लागतील. हे पहिल्या दिवशी माहीत नव्हतं का?

असो. लिहा.

दक्षिण सोलापूर, कांदा

आमचा कांदा सोलापूरच्या यार्डात जातो. रात्री गाडी लावायची, सकाळी लिलाव. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे २ रुपये मिळाले, त्या चेकचा फोटो देशभर फिरला. लोकांना नवल वाटलं, आम्हाला कशाचं वाटतंय! त्याच हंगामात मला उलटी पट्टी आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माल विकून आलेल्या पैशातून मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा केली की शेतकऱ्याकडूनच येणं निघतं. माझ्या पट्टीवर शेवटच्या रकमेआधी वजाचं चिन्ह होतं, आणि ते पेनाने दोनदा गिरवलेलं होतं. गैरसमज नको म्हणून असेल.

मग क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर झालं, २०० क्विंटलपर्यंत. अट काय, तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत, म्हंजे मोबाइलवरून पिकाचा फोटो चढवून, कांद्याची नोंद पाहिजे. आमच्या रानात रेंज येती ती विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर. फोटो काढला, गोल गोल फिरत राहिला, चढलाच नाही. नोंद नाही म्हंजे कांदा नाही. इकडं ढीग पडलाय आन् कागदावर रान पडीक! पुढं तलाठी-ग्रामसेवकाच्या समितीचा दाखला चालंल म्हणाले, मग त्यांच्यामागं हिंडलो. पैसे आले, पण दुसरी लागण तोंडावर आली तेव्हा.

जरा भाव दिसायला लागला तर ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये उठवली ती ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. भाव पडला की म्हणतात बाजार आहे, चढला की सरकार मधे पडतं. शहरातली माझी सख्खी बहीण कांदा महागला म्हणून मलाच बोलते, तिचं पण खरं आहे. आमचं म्हणणं एवढंच की बंदी घालायचीच असंल तर रोप टाकायच्या आधी सांगा. आम्ही तूर लावू.

सात रस्ता

माझं छोटंसंच आहे. नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी सुरक्षा पाटी लावायची, मुदत ३१ मार्च २०२५. दंडाच्या भीतीने मी सुट्टी काढून, उन्हात रांग लावून, ५३१ रुपये भरून बसवून घेतली. मग मुदत झाली एप्रिल. मग जून. मग ऑगस्ट. मग नोव्हेंबर. मग डिसेंबर. माझा भाऊ अजून जुन्या पाटीवर बिनघोर हिंडूलालाय आणि मला बघून हसूलालाय. नियम पाळणाऱ्याला येडं ठरवायची ही कुठली पद्धत बे?

अशोक चौक

वरच्या भावाला : हौ की! तुझा भाऊच शहाणा निघाला. आपल्याकडे मुदत म्हणजे पहिली तारीख पाळायची नाही, एवढं पोरांना पण कळलंय.

कुंभारी, रे नगर

माझी मुलगी टाइप करतेय, मी सांगतेय. मी विड्या वळते. आधी चांगलं सांगते, कारण सगळे नुसतं वाईटच लिहूलालेत. आम्हाला घर मिळालं. पत्र्याच्या खोलीत जन्म गेला आमचा. कामगारांचे पुढारी अडम मास्तर, त्यांच्या मागे मोर्चाला जाऊन जाऊन चपला झिजल्या. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली, १९ जानेवारी २०२४ ला १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. दोन्ही वेळा पंतप्रधान आले होते. आता फरशीवर बसून विड्या वळते, पावसाची भीती नाही. गावापासून लांब आहे, बसची वाट बघावी लागते, पण घर माझं आहे.

आता दुसरं. लाडकी बहीण. २०२४ मध्ये फॉर्म भरला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, झटपट झालं, दीड हजार यायला लागले. त्यातून हिची कॉलेजची फी भागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं ई-केवायसी करा, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लावा. माझे दोघंही गेले. तरी केंद्रावरचा मुलगा म्हणाला नंबर टाकून बघू. टाकला मालकांचा आधार नंबर. स्क्रीनवर आलं, ओटीपी पाठवला आहे. मी विचारलं, कुणाला पाठवला? तो मुलगा गप्प. मालकांचं सिम कधीच बंद झालंय.

एकदा केंद्रावर गेलं की दिवसाच्या हजार विड्या बुडतात. त्याची मजुरी पण गेली, काम पण झालं नाही. आणि ते २१०० करणार होते त्याचं काय झालं, हे हिला लिहू नको म्हटलं होतं, तिने लिहिलंच.

विजापूर रोड, छोटा ठेकेदार

ताई, तुमच्याशी भांडण नाही, पण मनातलं लिहितो. गटारी आणि रस्त्यांची कामं करतो. केलेल्या कामाची बिलं थकलीत, मागायला गेलो की 'निधी नाही' हेच ऐकायचं. सिमेंटवाला थांबत नाही, मजूर तर शनिवारच्या पगाराला थांबतच नाहीत. बायकोचे दागिने कुठे आहेत ते विचारू नका. सगळे पैसे योजनांकडे वळले असं साहेब लोक खासगीत सांगतात. मग माझा हप्ता कुणाच्या खात्यातून जायचा?

कुंभारी, रे नगर

दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण मतदानाच्या आधी नावं तपासायला कुणाला वेळ नव्हता आणि मतदान झाल्यावर सगळ्या अटी आठवल्या, हे आम्ही बायकांनी केलेलं नाही. तुमची बिलं आम्ही अडवली नाहीत.

जिल्हा परिषद शाळा, शिक्षिका

आमच्या शहराची गंमत बघा. सोलापूरचे कारखाने शाळेचे गणवेश शिवून राज्याबाहेर पाठवतात. मापं कशी घ्यायची, कुठल्या वयाला किती वाढीव कापड ठेवायचं, हे इथल्या कारागिराला झोपेत येतं. आणि २०२४-२५ ला आमच्याच शाळेत 'एक राज्य, एक गणवेश'. कापड वरून ठरलं, शिलाई बचतगटांच्या बायकांकडे. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्या हातात आलं ते त्यांनी शिवलं. आमच्या दुसरीतल्या एका पोराची चड्डी घोट्यापर्यंत आणि सातवीतल्या धिप्पाड पोराला शर्टाची दोन बटणं लागेनात. आईने उसवून दिली, तर आत शिल्लक कापडच नाही. तेही स्वातंत्र्यदिन उलटून गेल्यावर आलं. झेंडावंदनाला पोरं मागच्या वर्षीच्या विटक्या कपड्यांत. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवला, अधिकार पुन्हा शाळा समितीला. आधी तेच तर होतं!

तोवर एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश. १७ जूनला सुधारित, २९ जूनला दोन्ही रद्द. माझ्या वर्गातली लेकरं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत कन्नड ऐकतात, शाळेत येऊन मराठी शिकतात. भाषेची त्यांना भीती नाहीच. आम्हाला मात्र त्या अडीच महिन्यांत वेळापत्रक करायचं की मोडायचं ते कळेना.

अक्कलकोट रोड, यंत्रमाग

टेरी टॉवेल. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क लावलं. ज्यांचा माल तिकडे जातो त्यांनी ऑर्डरी थांबवल्या, त्यांना पुरवणारे आम्ही आपोआप थांबलो. आता हा निर्णय तिकडच्या सरकारचा, त्यावर इथे काय रडायचं. पण माग बंद ठेवला तरी विजेचा स्थिर आकार चालूच राहतो, तो इथला निर्णय आहे.

मोहोळ तालुका, सीनाकाठ

सप्टेंबर २०२५. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर हायवे बंद पडला ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. आम्ही त्याच पाण्यात होतो. सीनेला एवढं पाणी माझ्या वडलांनीही बघितलं नव्हतं. वरच्या धरणांतून सोडलेला विसर्ग रात्रीत आला. जनावरं सोडायला वेळ मिळाला तेवढंच नशीब.

ऊस आडवा झाला, मोटारी गेल्या, हे सगळं परत उभं करता येतं. रान परत येत नाही. माझ्या नदीकडच्या तुकड्यात आता मुरूम आणि गोटे आहेत, काळी माती पार खरवडून गेली. सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून. ऐकायला बरं वाटतं. पण रोजगार हमीचा पैसा हातात येत नसतो. कामाचा प्रस्ताव पाहिजे, मंजुरी पाहिजे, मजुरांची हजेरी पाहिजे. आणि माती आणायची कुठून? तळ्यातला गाळ काढायचा तर आधी तळ्यातलं पाणी उतरायला हवं, ते यंदा उन्हाळ्याशिवाय उतरत नाही. तोवर रब्बी गेली. ज्याने हा आदेश लिहिला त्याने एकदा बांधावर उभं राहून ट्रॉलीचा भाव विचारायला पाहिजे होता.

पंचनामा करायला आलेला पोरगा भला होता, त्याच्या घरीही पाणी शिरलं होतं. मदतीतली काही रक्कम आली, हे खोटं बोलणार नाही. उरलेल्या रकमेसाठी पुन्हा केवायसी. कुंभारीच्या ताई, तुमची-आमची गाठ एकाच ठिकाणी पडणार, त्या केंद्रावर.

माळशिरस तालुका

आमच्या शेजारचं मारकडवाडी आठवतंय का? विधानसभेनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, गावाने स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठेवलं होतं. जमावबंदी, पोलीस, शेवटी मतदान झालंच नाही, वर गुन्हे दाखल झाले. शंका बरोबर होती का चूक, त्यात मी पडत नाही. घेऊ दिलं असतं तर निकाल जुळला असता नाहीतर नसता, कायद्याने त्याला किंमत शून्यच होती. मग घाबरायचं कशाला? आमच्या गावात अजून पारावर तोच विषय निघतो.

होटगी रोड

विमानाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून! कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तिच्यामुळे विमान अडलंय म्हणून. विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला. प्रवासी घेऊन पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला, गोव्याला. चिमणी पडायला काही सेकंद लागले, बाकीचं तुम्ही मोजा. मी अजून हुतात्मा एक्सप्रेसनेच पुण्याला जातो, खिडकीची जागा मिळाली तर.

धागा काढणारा

कुंभारीच्या ताईंसाठी, बाकीचं नंतर लिहितो. पती आणि वडील दोघंही हयात नसतील तर तुमची स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यू दाखल्यांच्या सत्यप्रती आपल्या भागातल्या अंगणवाडी सेविकेकडे द्यायच्या, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं होतं. मुदत ३१ डिसेंबर दिली होती. ती गेली, तरी दाखले घेऊन सेविकेला भेटाच. आणि देताना दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून तारखेसह सही मागा. देत नसतील तर मुलीला म्हणावं, तिथेच उभं राहून फोटो काढ. सात रस्त्यावाल्याचा तो भाऊ जुन्या पाटीवर हिंडूलालाय, तुम्हालाही एखादी मुदतवाढ मिळेल की.