नर्सिंगच्या स्किल लॅबसाठी एकच मोठा मॅनिकिन घ्यावा की सुटे छोटे? (कुडाळ)

कुडाळची_ट्यूटर

नमस्कार मंडळी. कुडाळजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी नवीन ट्यूटर आहे. आमच्याकडे स्किल लॅब आहे, म्हणजे दारावर पाटी तरी आहे. आत दोन खाटा, इंजेक्शनचा एक रबरी हात, सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या, सरावाचा कमरेपर्यंतचा एक मॅनिकिन, म्हणजे पुतळा (दाबलेली छाती वर यायचं नाव घेत नाही) आणि काचेच्या कपाटात गर्भाच्या वाढीची मॉडेल्स. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यांवर आणि खोट्या रुग्णांवर प्रसंग उभे करून सराव, आलं, तेव्हापासून ही खोली सगळ्यांना आठवू लागलीय. यंदा संस्थेने पैसे मंजूर केलेत आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

संस्थाचालकांना पूर्ण उंचीचा, संगणकावर चालणारा मॅनिकिन हवा आहे. तो डोळे मिटतो, कण्हतो, मनगटाला नाडी लागते, मॉनिटरवर ईसीजी धावतो. कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला तेव्हा आमचा क्लार्कसुद्धा नाडी बघायला आला होता. पण तो घेतला की दुसरं काही घ्यायला पैसे उरत नाहीत.

एका वर्षाला चाळीस मुली. हॉस्पिटलच्या पोस्टिंगला एका बाळंतपणाभोवती दहाजणी उभ्या राहतात, त्यातल्या मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. म्हणजे लॅबची गरज खरीच आहे, दिखाव्यापुरती नाही. ज्यांनी अशी लॅब चालवली आहे त्यांनी सांगावं, काय घेऊ? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात या वस्तू टिकतात का?

निवृत्त_सिस्टर_रत्नागिरी

ताई, मी आधी लेबर रूममध्ये आणि मग नर्सिंग स्कूलमध्ये काम केलं, आता निवृत्त आहे. मोठा पुतळा घेऊ नकोस. निदान पहिली खरेदी म्हणून तरी नको.

हिशेब कर. त्याच्याभोवती एका वेळी चार-पाच मुली शिकतात. एकजण संगणकावर बसणार, एकजण मुलींकडे लक्ष ठेवणार, शिवाय नंतर बसून चर्चा घेणारी हवी. तुमच्याकडे ट्यूटर किती? एका कॉलेजात मी असा पुतळा पाहिला आहे. नाव सांगत नाही. इन्स्पेक्शनच्या सकाळी त्याच्यावरचं प्लास्टिक काढतात आणि संध्याकाळी पुन्हा घालतात. मुली त्याला ‘साहेब’ म्हणतात.

पहिले पैसे बाळंतपणावर घाल. पोटाला बांधायचा प्रसूती सिम्युलेटर मिळतो, मामानॅटली नावाचा प्रसिद्ध आहे. शिकवणारी बाई तो एप्रनसारखा बांधते, आतून बाळ बाहेर ढकलते, गर्भाशय हवा तेव्हा मऊ ठेवते, हवा तेव्हा घट्ट करते आणि पिशवीतून ‘रक्त’ सोडते. पण खरा उपयोग तिच्या तोंडाचा! ती आई होऊन बोलते. मी मालवणीत ओरडायचे, पाणी मागायचे, मध्येच घाबरून गप्प व्हायचे. वरून एकीला सासू करून दारात उभी करायचे, ‘मुलगा की मुलगी’ विचारत. एवढ्या गोंधळात जन्मानंतर मिनिटभरात रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट मांडीत गेले पाहिजेत, गर्भाशय घट्ट झालं का ते हाताने बघितलं पाहिजे आणि आईशी नीट बोललंही पाहिजे. संगणकाच्या पुतळ्याला सासू नसते.

त्याच्याच जोडीचं बाळ येतं. त्यात कोमट पाणी भरलं की नवजात बाळाइतकं जड लागतं, मान सावरली नाही तर लटकते. रडलं नाही तर पुसून, थोडं चोळून, पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, म्हणजे हाताने पिशवी दाबून श्वास देणं, सुरू. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर छाती हलतच नाही, त्यामुळे मुलीला आपलं चुकतंय हे स्वतःच कळतं, ओरडावं लागत नाही. अशी बाळं चार घे.

रक्तस्रावाचा अंदाज हा तर लॅबमध्येच शिकवायचा विषय आहे. ५०० मिलिलिटर म्हटलं की मुलींना बाटली दिसते. कापडात, चादरीत, मॅकिंटॉशवर (खाटेवरच्या रबरी कापडावर) तेच रक्त किती दिसतं ते कळत नाही आणि बहुतेकजणी कमीच सांगतात. मी जुन्या सुती साडीचे तुकडे, पॅड, ट्रे असं मांडून ठेवायचे आणि प्रत्येकावर मोजून लाल पाणी ओतायचे. घरचं कोकमाचं आगळ पातळ करून वापरलं की रंग जमतो, खर्च काही नाही. मुलींनी फिरून आकडे लिहायचे, मग खरे आकडे फळ्यावर. पहिल्या फेरीत वर्ग हसतो. शंभर म्हणून लिहिलेला तुकडा चारशेचा निघाला की हसू थांबतं.

कापडाला कमी लेखणाऱ्यांसाठी सांगते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची सुईण कापड, कातडं आणि कापूस भरून केलेलं कंबरेचं मॉडेल घेऊन गावोगाव शिकवत फिरली. १७५९ मध्ये राजाने तिला तशी सनद दिली होती. स्पंजातून लाल पाणी सोडून ती रक्तस्रावही दाखवायची. सीपीआर शिकवायची ‘अ‍ॅन’ नावाची जगप्रसिद्ध बाहुली १९६० मध्ये नॉर्वेत तयार झाली, तीही बाहुल्या करणाऱ्या कारखानदाराच्या हातून.

सीपीआरसाठी कमरेपर्यंतचेच घे, पण खोली आणि वेग दाखवणारे. ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०, छाती दरवेळी पूर्ण वर. आणि टेबलावर शिकवून थांबू नकोस. तोच मॅनिकिन वॉर्डातल्या गादीवर ठेव. गादी खाली जाते, बुटक्या मुलीचे हात पोचत नाहीत, मग पाठीखाली लाकडी पाटी सरकवायची, स्टूल ओढायचं, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे सगळं तिथे सुचतं.

प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर बोलायला वीस मिनिटं ठेव. ‘तू हे का केलं नाहीस’ असं सुरू केलंस की मुली दगड होतात. ‘तेव्हा तुला काय दिसत होतं’ असं विचार, त्या आपणहून बोलतात.

शेवटी, यादीत नसलेली वस्तू: किल्ली. ती कुणाकडे राहणार ते खरेदीआधी लिहून घे. प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली तर छोटं घे नाहीतर मोठं, सारखंच.

करंट_गेलो

सिस्टर, बाकी सगळं मान्य, पण आगळ कापडापुरतंच हां! त्यात मीठ आणि आंबटपणा दोन्ही. इंजेक्शनच्या हाताच्या नळ्यांत किंवा त्या पोटाच्या पिशवीत घातलंत तर व्हॉल्व्ह गेला आणि वर मुंग्या. तिथे कंपनीची पावडर वापरा, नाहीतर साधा पातळ खायचा रंग.

मी हॉस्पिटलच्या उपकरणांची दुरुस्ती करतो, सावंतवाडी ते कणकवली. ताई, पावसाबद्दल विचारलंत म्हणून. मॅनिकिन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं हा आपल्याकडे सगळ्यात मोठा घात. आत वाफ धरते आणि श्रावणापर्यंत मानेच्या घडीत बुरशी. सुती चादर घाला. बंद कपाट असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून वाळवा. कातडी चिकट झाली तर साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण सुकवून, थोडी टाल्कम पावडर. ज्यांत बॅटरी आहे त्यांची बॅटरी मे अखेरीस काढून वेगळी ठेवा, नाहीतर टर्मिनल हिरवे होतात. हाताच्या नळ्यांतलं पाणी रोज काढायचं, ‘उद्या परत लागणार आहे’ म्हणून ठेवायचं नाही.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका, शाई कातडीत उतरते ती निघत नाही. बॉलपेन आणि बेटाडीनचंही तेच. निर्जंतुकीकरणाची कृती शिकवताना बाटलीत साधं पाणी भरा.

संगणकावर चालणारा घेतलात तर यूपीएस धरूनच किंमत काढा. आमच्याकडे म्हणतातच, करंट गेलो काय कधी येतलो ता इचारू नये. आणि कोटेशनमध्येच लिहून मागा: छातीची स्प्रिंग, फुप्फुसाच्या पिशव्या, हाताची कातडी, शिरांच्या नळ्या, प्रत्येकाचा सुटा भाव आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार. मुंबईहून येणार असेल तर तुमची लॅब गणपती होईपर्यंत बंद समजा.

कुडाळची_ट्यूटर

प्लास्टिकचं वाचून आत्ताच जाऊन कव्हर काढलं. आभार! सिस्टर, किल्लीचा मुद्दा उद्याच्या बैठकीत मांडते. एक राहिलं. सिम्युलेशनचे तयार प्रसंग कंपनी देणार म्हणते. ते पुरतात का?

कॅज्युअल्टीतला_डॉक्टर

पुरत नाहीत. त्यांत छातीत दुखणारा साठीचा माणूस असतो, तोही लगेच लिफ्टने वर जातो. तो शिकवाच. पण तुमच्या मुली ज्या कॅज्युअल्टीत उभ्या राहणार, तिथे लावणीच्या दिवसांत संध्याकाळी पायाला फुरसं चावलेली बाई येते.

माझा आवडता प्रसंग देतो, मॅनिकिन लागत नाही. कॉलेजातल्या मावशींना खाटेवर झोपवा. फुरसं चावलंय आणि हिरडीतून रक्त येतंय असं त्या सांगतील. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, तेच तपासायचं. मुलींनी २ मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या, काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच कलंडवून बघायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी उचलली तर प्रसंग तिथेच थांबवा, कारण त्यात चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष उलटा निघतो. आधीच दोन नळ्या तयार ठेवा, एकीत लाल पाणी, दुसरीत चायना ग्रासची घट्ट लाल जेली. कुठली पुढे करायची ते तुम्ही ठरवा.

रक्त गोठलं नाही तर डॉक्टर सर्पविषाच्या लसीच्या १० कुप्या सुरू करायला सांगतील. इथून पुढे खाटेशी नर्सच असते. थोड्या वेळाने मावशींनी अंग खाजवायला लागायचं, मग धाप, म्हणजे लसीचीच रिअ‍ॅक्शन. ड्रिप थांबवणं आणि अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत देण्यासाठी तयार ठेवणं, यात मुली किती वेळ घालवतात ते घड्याळ लावून बघा.

दुसरा प्रसंग लाल विंचवाचा. ग्लिसरीन-पाण्याचा फवारा मारला की घाम, बर्फाच्या कापडात धरून ठेवले की हातपाय गार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच किनाऱ्यावर विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, तो आपल्या मुलींना इथेच शिकायला मिळाला नाही तर कमाल आहे. पाठोपाठ १०८ ला फोन करायला लावा. पलीकडून तुम्हीच बोला आणि मध्येच फोन कट करा.

ओरोसचा_इंटर्न

विद्यार्थ्याच्या बाजूने दोनच गोष्टी. लॅब संध्याकाळी उघडी ठेवा, परीक्षेच्या गुणांशिवाय. एक सिनिअर मुलगी रजिस्टर घेऊन बसली तरी चालतं. सगळ्यांदेखत जी शीर सापडत नाही ती एकट्याने शांतपणे सापडते. आणि प्रसंगाचं रेकॉर्डिंग कराल तर ते चर्चा झाली की पुसा. एकदा वर्गाच्या ग्रुपवर गेलं की पुढच्या वेळी कुणी हात पुढे करत नाही.

कुडाळची_ट्यूटर

बैठक झाली. मोठा मॅनिकिन पुढच्या वर्षावर ढकलला, ‘रद्द’ म्हणायला चेअरमन तयार नाहीत. यंदा प्रसूतीचे दोन, बाळं चार, सीपीआरचे चार, हात तीन आणि सुट्या भागांसाठी वेगळी रक्कम. किल्ली माझ्याकडे, दुसरी हॉस्टेलच्या वॉर्डनकडे. सिस्टर, सामान आलं की पहिल्या दिवशी सासू व्हायला याल का?

निवृत्त_सिस्टर_रत्नागिरी

सकाळच्या तुतारी एक्सप्रेसने येते. पण सासू तू दुसरी बघ, मी आई होणार. आणि हो, प्रसूतीच्या सिम्युलेटरचे पट्टे मागवताना लांब मागव. कंपनीने दिलेले माझ्या कमरेला पुरत नाहीत.