‘वाटी बदलली’ की ‘सांधेरोपण’?

सांगलीहून, भाषांतर करणारी:
पार्शल नी रिप्लेसमेंटच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा तपासतेय. त्यात ‘आंशिक गुडघा प्रत्यारोपण’ असं छापलंय. ‘आंशिक’ एक वेळ चालवून घेईन, पण ‘प्रत्यारोपण’ खटकतं. मूत्रपिंडाचं, यकृताचं प्रत्यारोपण होतं. तिथे दाता असतो. इथे धातूचे नि प्लॅस्टिकचे भाग बसवतात. ‘सांधेरोपण’ का नको? बोलताना तर सगळे ‘वाटी बदलली’च म्हणतात.

मिरजेहून, ऑर्थो वॉर्डातली सिस्टर:
ताई, कागदावर ‘वाटी’ अजिबात नको. गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. पार्शलमध्ये बहुतेक वेळा आतल्या बाजूचाच बदलतात, वाटीला हातही लावत नाहीत. पूर्ण सांधा बदलतानासुद्धा वाटीची मागची बाजू बदलायचीच असं नाही. पेशंट घरी जाऊन ‘नवी वाटी टाकली’ सांगतो, सांगू दे बापडा. ‘अर्धा गुडघा’ही नको, ‘उरलेला अर्धा कधी?’ हे ठरलेलंच.
आणखी एक. ‘आतला कप्पा’ म्हटलं की लोकांना गुडघ्याच्या पोटातलं काहीतरी वाटतं. ‘दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू’ असं लिहा.

कराडहून, निवृत्त शिक्षक:
‘एककप्पी सांधेरोपण’ कसं वाटतं? ‘आंशिक’ म्हणजे किती, हे कळत नाही, यात कळतं. मात्र लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याला, ‘स्नायुबंध’ लिहू नका, मराठीत स्नायू म्हणजे मसल. ‘अस्थिबंध’ नेमका आहे.

सिस्टर:
सर, ‘अस्थिबंध’ म्हटलं की पेशंट विचारतो, म्हणजे शीर का? आमच्याकडे रक्तवाहिनी, नस, लिगामेंट, सगळ्याला शीरच. पण तो शब्द हवाच, कारण पार्शलमध्ये सांध्याच्या आतला पुढचा अस्थिबंध (एसीएल) शाबूत ठेवतात. पूर्ण सांधेरोपणात तो सहसा काढतात. ‘एककप्पी’ मला पटलं. फक्त गुडघा उघडल्यावर बाकीचे कप्पेही झिजलेले निघाले तर पूर्ण सांधा बदलावा लागतो, त्याची संमती आधीच घेतात. म्हणून दोन्ही नावं एकाच पानावर, एकमेकांखाली हवीत.

भाषांतर करणारी:
मग असं लिहिते: ‘उजव्या गुडघ्याचे एककप्पी सांधेरोपण, म्हणजे डाव्या गुडघ्याकडच्या बाजूचा झिजलेला पृष्ठभाग काढून तिथे कृत्रिम भाग बसवणे.’ ‘प्रत्यारोपण’ काढलं. विम्याच्या फॉर्मवर जे छापील नाव असेल ते मात्र तसंच ठेवावं लागेल, नाहीतर क्लेम अडकायचा.

सिस्टर:
चालेल. आता कानडीत कोण करतंय? आमचे बरेच पेशंट अथणी-चिकोडीकडचे आहेत.