हामामात्सूमधील आठ आठवड्यांची इंटर्नशिप : काम अडले तर काय करावे?

प्रश्न (यंत्र अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, पुणे)

नमस्कार. जूनपासून आठ आठवड्यांसाठी जपानमधील हामामात्सू येथे, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात माझी इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे. जपानी भाषेची जेएलपीटी एन-४ परीक्षा मी गेल्या डिसेंबरमध्ये उत्तीर्ण झालो. ऑनलाइन मुलाखतीत मला विचारण्यात आले की, दिलेले काम मध्येच अडले तर तुम्ही काय कराल? मी उत्तर दिले की, कोणालाही त्रास न देता रात्र जागून मी स्वतःच मार्ग काढीन. त्यावर समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, क्षणभर कोणी काही बोलले नाही आणि मग पुढचा प्रश्न आला. निवड झाली, पण ती शांतता अजून मनातून जात नाही. माझे उत्तर चुकले का? तेथील कार्यालयात माझ्याकडून नेमकी काय अपेक्षा असेल?

उत्तर १ (नागोयाजवळ इंटर्नशिप केलेली अभियंता)

तुमच्या उत्तरात कष्टाची तयारी दिसते आणि आपल्याकडच्या मुलाखतीत त्याचे कौतुकच झाले असते. मात्र तेथे नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून जे शिकवतात, त्याच्या ते नेमके उलट आहे. होकोकू म्हणजे झालेल्या कामाचा अहवाल देणे, रेनराकू म्हणजे संबंधितांना कळवणे आणि सोदान म्हणजे सल्ला घेणे. या तिन्हींची पहिली अक्षरे जोडून 'होरेन्सो' हा शब्द झाला आहे. जपानीत पालकाच्या भाजीलाही होरेन्सोच म्हणतात, त्यामुळे तो विसरला जात नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले, म्हणून सविस्तर लिहिते. दुसऱ्या आठवड्यात मला एका फिक्स्चरचे, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचे, रेखाचित्र करण्यास सांगितले होते. एका छिद्राच्या व्यासाच्या मापात ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल अशी सूट द्यायची की ०.५ मिलिमीटरची, याबद्दल मंगळवारी दुपारीच माझ्या मनात शंका आली होती. पूर्ण झालेले कामच दाखवावे, अर्धवट काही दाखवू नये, असे मला लहानपणापासूनचे वळण. मी अंदाजाने ०.५ धरले आणि शुक्रवारी संध्याकाळी नीटनेटके रेखाचित्र विभागप्रमुखांसमोर ठेवले. अंदाज चुकला होता, आणि सोमवारी सकाळी त्या कामासाठी यंत्र व कारागीर दोन्ही राखून ठेवले होते. विभागप्रमुख रागावले नाहीत. त्यांनी त्या आकड्यावर पेन्सिलीने गोल केला आणि एवढेच विचारले, "ही शंका तुम्हाला कधी आली?" मी "मंगळवारी" म्हणाले. त्यानंतर इंटर्नशिप संपेपर्यंत ते रोज सकाळी दहा वाजता आणि दुपारी तीन वाजता माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत. ओरडा खाणे मला सोपे गेले असते.

मंगळवारची शंका मंगळवारी कळली असती, तर ती पाच मिनिटांत मिटली असती. शुक्रवारी कळल्यामुळे ती चार माणसांची अडचण झाली. म्हणून काम एक तृतीयांश झाले की स्वतःहून दाखवा आणि तीन गोष्टी सांगा: कोठवर आले, कोठे अडले, आणि तुमच्या मते पुढे काय करावे. तिसरी गोष्ट गाळू नका, कारण नुसते "अडले" म्हणणे आणि सल्ला मागणे यांत फरक आहे. खिशात लहान वही ठेवा. सूचना मिळत असताना लिहून घ्या आणि शेवटी ती सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. लिहून न घेणाऱ्याचे लक्ष नाही, असे तेथे सहज समजले जाते.

उत्तर २ (जपानी भाषेची शिक्षिका, पुणे)

वरील उत्तराला भाषेची बाजू जोडते. समोरचा बोलत असताना जपानी माणूस वारंवार "हाय" म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा "ऐकतो आहे" एवढाच असतो. आपले विद्यार्थी मात्र न समजताही संकोचाने "हाय" म्हणतात, आणि पुढचे सगळे घोटाळे तेथून सुरू होतात. "वाकारिमाशिता", म्हणजे "समजले", हे खरोखर समजल्यावरच म्हणावे. तसेच एखाद्या सूचनेवर वरिष्ठांनी "जरा अवघड आहे" असे म्हटले, तर ते सहसा नकार देत असतात. तेथे पुन्हा आग्रह धरू नये.

आदरार्थी भाषेची भीती बाळगू नका. एन-४ च्या पातळीला 'देसु-मासु' रूपांचे, म्हणजे साध्या सभ्य बोलण्यातील वाक्यशेवटांचे, स्वच्छ बोलणे पुरेसे आहे. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. आपल्याकडे साहेब समोर नसले तरी "साहेब बैठकीत आहेत" असेच आपण म्हणतो, कारण आदर त्या व्यक्तीबरोबर चालतो. जपानीत बाहेरच्या कंपनीच्या माणसाशी बोलताना आपल्याच विभागप्रमुखांचा उल्लेख नावामागे 'सान' हा आदरार्थी प्रत्यय न लावता, नुसत्या आडनावाने करतात, कारण त्या वेळी ते 'आपल्यातले' असतात आणि आदर बाहेरच्याला द्यायचा असतो. मराठी माणसाला हे उमगणे फार अवघड नाही. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' ही रेघ आपण रोजच्या बोलण्यात न चुकता ओढतो. शिवाय क्रियापद शेवटी आणि नामाला मागून जोडलेले प्रत्यय ही वाक्याची घडण दोन्हीकडे सारखी आहे, हा तुमचा मोठा फायदा आहे.

उत्तर ३ (टोकियोत नोकरी करणारा वाचक)

व्हिसाचे आधी पाहा. मोबदला मिळणार आहे की नाही, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो, त्यामुळे ते कंपनीकडून लेखी घ्या. शाकाहारी असाल तर मिसो सूप आणि नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, हे ध्यानात ठेवा आणि तसे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. सकाळच्या 'चोरेइ' या छोट्या सभेत तुम्हाला ओळख करून देण्यास सांगतील, तेव्हा एक मिनिटाचे भाषण तोंडपाठ असू द्या. संध्याकाळी निघताना "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु", म्हणजे "तुमच्या आधी निघतो, क्षमा असावी", असे म्हटल्याशिवाय जागा सोडू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मुलाखतीतील त्या उत्तराबद्दल कंपनीला दिलगिरीचा मेल पाठवावा का?

उत्तर १ (पुन्हा)

दिलगिरी नको, त्यात काही अपराध नव्हता. मात्र निघण्यापूर्वी कंपनीकडून तयारीचा मेल येईल, त्याच्या उत्तरात एक प्रश्न जरूर विचारा: काम अडल्यास मी कोणाला विचारावे, आणि दिवसातील कोणती वेळ त्यांना सोयीची असेल? मुलाखत घेणारे ते दोघे हा मेल वाचतील.