वंध्यत्व आनुवंशिक असू शकतं

‘मूलच झालं नाही तर दोष पुढे जाणार कसा, म्हणजे वंध्यत्व आनुवंशिक नसतंच’ हा युक्तिवाद पुरुषांच्या वंध्यत्वातही टिकत नाही. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरच्या एझेडएफ भागाचा (शुक्राणू तयार व्हायला लागणाऱ्या जनुकांचा भाग) तुकडा गळणं बहुतेकदा त्या पुरुषातच नव्याने घडलेलं असतं. वडिलांचं गुणसूत्र धड असतं. दुसरं उदाहरण सीएफटीआर या जनुकाचं: त्याची सदोष प्रत आईवडिलांकडे एकेकच असते, त्यांना पत्ताही नसतो. मुलाकडे दोन्ही आल्या की काही वेळा शुक्रवाहिन्याच (शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या) बनत नाहीत.

आनुवंशिक नसलेला, परिस्थितीचा परिणाम मात्र वीर्यतपासणीच्या रिपोर्टमध्ये हमखास चकवतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे महिना-दीड महिन्यापूर्वीचा सणसणीत ताप आजच्या नमुन्यात दिसतो. व्यायामशाळेत घेतलेलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) तर शुक्राणूंची संख्या शून्यावरही आणतं (आणि हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच जातं!). तेव्हा २ ते ७ दिवस संयम पाळून नमुना द्यावा, खराब आला तर तीन महिन्यांनी पुन्हा.

तरीही शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ५० लाखांच्या खालीच असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी) आणि वाय मायक्रोडिलिशन (एझेडएफचा तुकडा गळालाय का ते पाहणारी) या तपासण्या इक्सीच्या (एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचाराच्या) आधीच करा. एझेडएफचे ए, बी, सी असे उपभाग आहेत. त्यातलं एझेडएफसी गळालेलं असेल तर शुक्राणू बऱ्याचदा मिळतात, पण तो दोष होणाऱ्या प्रत्येक मुलग्याकडे जातो. एझेडएफए पूर्ण गळालेलं असेल तर वृषणातून शुक्राणू काढायची शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही.