गेट परत बसलं – सोसायटी ग्रुप

सेक्रेटरी: मंडळी, मेन गेटचं डावं फाटक कालच्या वळवात परत खाली बसलंय. फरशीला घासतंय. खांबाला वरच्या बिजागरीपाशी तडा गेलाय, फोटो टाकलेत. फॅब्रिकेटर म्हणतो गवंड्याचं काम कच्चं, गवंडी म्हणतो गेट जड. आणि पैसे दोघंबी मागालेत.

बंगला ३: मोठी बिजागरी मारा की. उद्यमनगरात पाहिजे तसली मिळते.

बंगला ९: बिजागरी शाबूत आहे दादा, फोटो मोठा करून बघा. वीट सोडलीय. खांबाला वजन जड जात नाही, विटा दाबाला पक्क्या असतात. मार खातात त्या ओढीला. फाटक ६ फुटी, वजन धरा १६० किलो, म्हणजे भार खांबापासून ३ फुटांवर. दोन बिजागऱ्यांत अंतर ४ फूट. १६० गुणिले ३ भागिले ४ = १२० किलो. वरची बिजागरी एवढ्या जोरानं खांब आत खेचते, चोवीस तास. त्यात होल्डफास्ट, म्हणजे बिजागरी खांबात धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, एका विटेच्या सांध्यात नुसत्या सिमेंटनं भरलीय.

बंगला ५: आणि पोरं लोंबकळून झोका घेतात ते?

बंगला ९: ३० किलोचं पोरगं टोकाला लटकलं की त्यात आणखी ४५ किलो, वहिनी.

बंगला ५: आमचा नातू २४ किलोचा आहे. 🙄

बंगला ९: 😄 पोरांपेक्षा पत्रा वाईट. आधी नुसत्या सळ्या होत्या, वारं आरपार जायचं. दिवाळीत ‘रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं’ म्हणून पूर्ण पत्रा मारला. वजन वाढलं आणि वळवात गेटचं शीड झालं.

बंगला ३: पत्र्याचा ठराव कुणाचा होता ते सांगू का 😂

सेक्रेटरी: नको. उपाय बोला.

बंगला १२: स्लायडिंग करून टाका. सगळं वजन खालच्या रुळावर, खांबाला ताप नाही.

बंगला ९: खरंय, खरं सरकायला एका अंगाला १२ फूट मोकळी भिंत लागते. डावीकडं मीटरपेटी, उजवीकडं वॉचमनची खोली. फाटकाच्या टोकाला चाक लावलं तरी ओढ कमी होते, पण त्याला सपाट पट्टी पाहिजे आणि आपला उतार तुम्हाला माहीत आहे.

बंगला १२: मग खांब पाडायचा?

बंगला ९: गरज नाही. तडा भरून घ्या, शोभेला राहू दे. आतल्या अंगाला लागून १०० बाय १०० मिमीचा लोखंडी चौकोनी पोल उभा करा, ५-६ मिमी जाडीचा, आणि गेट त्यावर टांगा. पोलचं तोंड वरून वेल्डिंगनं बंद, नाहीतर पाणी साचून आतून गंजतो. खालची बिजागरी बेअरिंगची घ्या, उभं वजन ती पेलते. खड्डा मात्र काळ्या मातीत थांबवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पोल हलणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जा, निदान साडेतीन फूट. दोन्ही पोल जमिनीखालून काँक्रीटच्या बीमनं बांधले तर एकमेकांकडं झुकणार नाहीत. रस्ता एकदा उकरावा लागेल.

बंगला ३: आणि गेट दुसऱ्या दिवशी टांगायचं ना?

बंगला ९: मागच्या वेळी तेच झालं. काँक्रीटला पाणी मारत ठेवा, पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. तोवर फाटक भिंतीला टेकवून ठेवा.

बंगला ५: महिनाभर गेट नाही? चोर येतील की.

सेक्रेटरी: उजवं फाटक आहे तसंच राहील, त्याचा पोल नंतर. डावीकडं पत्र्याचं तात्पुरतं कुंपण. आजपासून डाव्या फाटकाच्या टोकाखाली लाकडी ठोकळा सारून ठेवतोय, कुणी काढू नका. पोरांना खांबाजवळ जाऊ देऊ नका. पत्रा काढून परत सळ्या ठेवायच्या का, रविवारच्या मीटिंगला ठरवू.

बंगला ५: पत्रा राहू दे. वरचा अर्धा काढा हवं तर.

बंगला ९: अर्धा काढला तरी फरक पडेल.

बंगला १२: ६ फुटांतनं सिलेंडरचा छोटा हत्ती आत येईल का?

बंगला ३: येईल. आरसे मिटून.