१९७१: ढाका पडण्यात नौदलाचा वाटा नेमका किती?

दीपस्तंभ: १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या नौदलाचा विषय निघाला की सगळे कराचीवरच येऊन थांबतात. पण पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली ढाक्यात. मग समुद्रावरच्या लढाईने पूर्वेत, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), काय फरक पडला? आणि किनाऱ्याच्या राखणीसाठी बनलेल्या छोट्या नौका कराचीपर्यंत पोचल्या कशा?

खलाशी_७१: पूर्वेतलं काम आपल्या विमानवाहू जहाजाचं, विक्रांतचं. फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायची बंदी घातली, तेव्हापासून त्यांची पूर्वेकडची कुमक श्रीलंकेला वळसा घालून जायची. डिसेंबरात विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार झोडपल्यावर समुद्राची वाटही बंद झाली. कुमक येईना, निसटायला जहाज मिळेना. आणि हे सगळं विक्रांतच्या बॉयलरला (इंजिनाला वाफ पुरवणाऱ्या भांड्याला) तडा गेलेला असताना! जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, म्हणजे विमानाला उचल कमी. त्या स्थितीत विमानं उडवत राहणं ही मला कराचीपेक्षा मोठी कामगिरी वाटते.

सुकाणू: कराचीबद्दल. ओसा वर्गाच्या नौका वेगवान, प्रत्येकीवर ४ क्षेपणास्त्रं, मारा सुमारे ४० किलोमीटर. पण इंधन तोकडं, म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढून न्यायचा सराव आधीच झाला होता. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर निघाल्या, सोबत किल्तान आणि कच्छल या मोठ्या युद्धनौका. निर्घातचं क्षेपणास्त्र झेपावलं तेव्हा तो उजेड पाकिस्तानी विनाशिका खैबरवरच्यांना विमानाचा वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. तडाखा बसून जहाज थांबलं तरी 'शत्रूच्या विमानाचा हल्ला' असाच संदेश गेला, त्यात स्वतःची जागाही चुकीची. पाठोपाठ दुसरं क्षेपणास्त्र आलं आणि खैबर बुडाली. ८ तारखेच्या रात्री विनाश या तशाच एकट्या नौकेने ४ क्षेपणास्त्रं डागून कराची बंदरातल्या केमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या. मग पाकिस्तानी नौदल बंदरातच बसलं.

खलाशी_७१: सगळं नाही बसलं, सुकाणू. पाणबुड्या बाहेरच होत्या. ९ डिसेंबरला दीवजवळ त्यांच्या हंगोर पाणबुडीने तिच्याच शोधात असलेली आपली युद्धनौका खुकरी बुडवली, आपले १९४ जण गेले. हंगोरचं सोनार (पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र) लांबचं ऐकायचं, खुकरीचं जवळचं; त्यात खुकरीचा वेग कमी ठेवलेला. शोधणाराच आधी सापडला.

दीपस्तंभ: मग विक्रांतवर अशी पाणबुडी का नाही गेली?

खलाशी_७१: गेली होती. बंगालच्या उपसागरापर्यंत जाण्याइतका पल्ला पाकिस्तानच्या एकट्या गाझीचा होता. विक्रांत अंदमानात लपवली होती आणि राजपूत या दुसऱ्याच युद्धनौकेवरून असे फसवे संदेश सोडले जात होते, की विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असं वाटावं. गाझी तिथेच शोधत राहिली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री बंदराच्या तोंडाशी बुडाली.