श्रीमंत देशांची वाढ धातूंपासून खरोखर सुटली आहे का?

सातपूरकर : अमेरिकेत 1973 साली सुमारे 13.7 कोटी टन पोलाद तयार झाले होते. आता ते 8 कोटी टनांच्या आसपास आहे आणि देशांतर्गत वापरही त्या वर्षापेक्षा कमीच आहे. याच काळात महागाई वजा जाता तिथले सकल उत्पादन तिपटीहून अधिक वाढले. पूल, लोहमार्ग आणि उंच इमारती एकदा उभ्या राहिल्या की पुढे डागडुजी आणि बदलीपुरतेच पोलाद लागते, आणि वाढीव उत्पन्न उपचार, शिक्षण, संगणकप्रणाली यांच्याकडे वळते. म्हणून श्रीमंत देशांची अर्थव्यवस्था वाढते आहे एवढ्यावरून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांनी मागणीचे अंदाज बांधू नयेत, असे माझे मत आहे.

अंबडचा ओतकामवाला : आपले आकडे बरोबर आहेत, पण ते कोणाच्या खात्यात मांडले आहेत हे पाहायला हवे. माझ्या भट्टीतून निघालेले बिडाचे कास्टिंग पंपात बसून युरोपात जाते, तेव्हा त्याचे वजन भारताच्या धातूवापरात धरले जाते आणि पंपाने वाढवलेले उत्पन्न मात्र तिकडच्या हिशेबात जमा होते. आयात मोटारी आणि यंत्रे यांचेही तसेच आहे. आयात मालामागचा कच्चा मालही मोजणारा 186 देशांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्पन्न 10 टक्के वाढले की कच्च्या मालाचा भार सरासरी 6 टक्के वाढतो, असे आढळले. याला सुटका कशी म्हणावी? धूर आणि राख आमच्या वाट्याला आली, एवढाच फरक मला दिसतो.

सातपूरकर : खात्याचा मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या मांडणीत तो यायला हवा होता. मात्र त्या अभ्यासात वाळू, खडी, इंधन आणि शेतमालही मोजलेला आहे, त्यामुळे त्यावरून केवळ धातूंबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांसारख्या देशांत दरडोई 8 ते 12 टन लोखंड वापरात उभे आहे, आणि आयात मोटारींतले लोखंड धरूनही तो साठा स्थिरावलेला दिसतो. माणशी मोटारी आणि छप्पर किती लागणार, याला मर्यादा आहेच.

तांबट आळीतून : आपण दोघेही लोखंडाबद्दल बोलत आहात आणि निष्कर्ष मात्र सर्व धातूंना लावत आहात. विजेवरच्या मोटारीला पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक तांबे लागते. पवनचक्क्या आणि वाढत्या वीजवाहिन्यांचेही तेच. पोलादाची भूक भागलेल्या देशांतच तांब्याची भूक नव्याने जागी होते आहे.

अंबडचा ओतकामवाला : हे पटते. तरीही डागडुजी आणि बदलीचे जे पोलाद सातपूरकरांनी वर सांगितले, ते अमेरिकेत बहुतांशी तिथल्याच भंगारातून, विजेच्या भट्टीत तयार होते, कारण तो 8 ते 12 टनांचा साठा त्यांच्या हाताशी आहे. आपल्याकडे तेवढे भंगार अजून साठलेलेच नाही, त्यामुळे त्यांच्या वाटेने जायचे ठरवले तरी आधी खाणीतलेच लोखंड काढावे लागणार आहे.